परतीची सोय : किशोरवयीन चालक आणि नशेतील वाहनचालन

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ४ नुसार सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना दिलेली सवलत ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरतीच आहे आणि बाजारात सर्रास मिळणाऱ्या ११० किंवा १२५ घन सेंटिमीटरच्या स्कूटर त्या सवलतीत बसत नाहीत. दुसरीकडे महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ ही किमान वये ठरलेली आहेत. ही वये एकत्र मांडली असता, एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलाने किंवा मुलीने मद्य घेऊन गाडी चालवण्याचा कायद्यात बसणारा एकही प्रकार शिल्लक राहत नाही. तरीही सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत गाडीची किल्ली अनेकदा दहावीच्या आधीच हातात येते, आणि त्यामागे केवळ हौस असते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वाडीवस्तीवरून कराड, विटा, तासगाव किंवा जत येथील कनिष्ठ महाविद्यालयात पोहोचायचे, पहाटे डेअरीला दूध घालायचे, शेतावर डबा पोहोचवायचा आणि संध्याकाळचा क्लासही गाठायचा, तर एसटीच्या वेळापत्रकावर भागत नाही. म्हणून घरातील मोटारसायकल मुलाच्या हाती जाते आणि एकदा दिवसा गेलेली किल्ली रात्रीही त्याच्याच खिशात राहते. नशेतील वाहनचालनाचा प्रश्न या ठिकाणी सुरू होतो आणि त्याचे उत्तर मुलाच्या इच्छाशक्तीत शोधण्याआधी त्याच्या परतीच्या सोयीत शोधावे लागते.

नशेतील वाहनचालन म्हणजे मेंदूवर परिणाम करणारा पदार्थ शरीरात असताना वाहन चालवणे. त्यात मद्याबरोबरच गांजा, रासायनिक अमली पदार्थ आणि गुंगी आणणारी औषधेही येतात. अधिनियमातील कलम १८५ मद्याबाबत १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा घालून देते आणि ती ओलांडणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुढच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगते. या ३० मिलिग्रॅमचा अर्थ पुष्कळजण ‘थोडी चालते’ असा लावतात. तो अर्थ किती फसवा आहे हे साध्या हिशेबावरून कळते. सुमारे ४३ टक्के तीव्रतेच्या मद्याच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, तर आठ टक्के तीव्रतेच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ते ४० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे ‘बिअरच तर आहे’ म्हणून संपवलेली एक बाटली चार पेगांच्या बरोबरीची असते. साठ किलो वजनाच्या तरुणाने ती भरभर संपवली तर त्याच्या रक्तातील प्रमाण १०० मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीवर जाऊ शकते. वजन कमी असेल, पोट रिकामे असेल किंवा चालक मुलगी असेल, तर तेवढ्याच मद्याने हे प्रमाण आणखी चढते, कारण अल्कोहोल शरीरातील पाण्यात पसरते आणि पाण्याचा हा वाटा प्रत्येकात सारखा नसतो.

चढलेले प्रमाण उतरण्याचा वेग मात्र फारसा कोणाच्या हातात नसतो. यकृत, म्हणजे अल्कोहोलचे विघटन करणारा मुख्य अवयव, तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने हे प्रमाण कमी करते. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याचा हबका किंवा ओकारी यांपैकी कशानेही ती गती वाढत नाही. कॉफीने झोप उडते, नशा नाही, आणि जागा असलेला नशेतील चालक स्वतःला शुद्धीत समजू लागतो, हा कॉफीचा खरा धोका आहे. याच गणिताने, मध्यरात्री १२० मिलिग्रॅमवर असलेल्या तरुणाच्या रक्तात सकाळी सहा वाजताही ३० मिलिग्रॅम उरलेले असू शकते. सातारा जिल्ह्यात लष्कराच्या आणि पोलिसांच्या भरतीची तयारी करणारी मुले पहाटे पाचला मैदान गाठण्यासाठी गाडीला किक मारतात. आदल्या रात्री हळदीच्या कार्यक्रमात मद्य घेतलेल्याच्या बाबतीत ही पहाटेची फेरी नशेतील वाहनचालनाचीच असते, जरी रात्र झोपून काढलेली असली तरी. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या उमेदवाराने आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. भरतीच्या चारित्र्य पडताळणीत दाखल आणि प्रलंबित गुन्ह्यांची माहिती मागितली जाते, त्यामुळे एका रात्रीचा कलम १८५ चा गुन्हा दोन वर्षांच्या धावण्याच्या सरावाला आडवा येऊ शकतो.

किशोरवयीन चालकासाठी ३० मिलिग्रॅमच्या आतील प्रमाणही सुरक्षित धरता येत नाही. वाहन चालवण्याचे कौशल्य अंगवळणी पडायला काही वर्षे जावी लागतात; तोवर समोरचे अंतर, वळणाचा वेग आणि प्रकाशाची तिरीप यांचा अंदाज जाणीवपूर्वक घ्यावा लागतो आणि मद्य पहिला घाला त्या जाणिवेवरच घालते. म्हणूनच जर्मनीने १ ऑगस्ट २००७ पासून २१ वर्षांखालील आणि नवशिक्या चालकांसाठी मद्याची मर्यादा शून्यावर आणली, तर अमेरिकेतील सर्व राज्यांत २१ वर्षांखालील चालकांना प्रौढांपेक्षा कितीतरी कडक मर्यादा लागू आहे. भारतीय कायद्यात वयानुसार वेगळी मर्यादा नाही, ही या कायद्यातील उणीवच म्हणावी लागेल. मात्र घराला स्वतःचा नियम करण्यापासून कायदा अडवत नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचे रस्ते चुकीला फार कमी वाव देतात. राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे जुना पुणे–बेंगळुरू महामार्ग, शिरवळपासून खंबाटकी, पाचवड, सातारा, कराड करत पेठ नाक्यावरून कोल्हापूरकडे जातो आणि त्याला लागलेल्या ढाब्यांवर वाढदिवसाची जेवणे झडतात. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली आणि पुढे वीस हजारांपेक्षा कमी लोकवस्तीच्या भागांत हे अंतर २२० मीटरवर आणले. पण सोबत आणलेली बाटली ढाब्यामागच्या खाटेवर उघडली जाते तेव्हा हे मोजमाप निरुपयोगी ठरते. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासच्या पठारावर फुले पाहायला आणि पावसाळ्यात ठोसेघरचा धबधबा पाहायला गेलेल्या टोळक्यांना यवतेश्वरच्या किंवा सज्जनगडाच्या वळणांवरून धुक्यात उतरावे लागते. ऊस गाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून, वाळवा, पलूस, कडेगाव आणि कराड तालुक्यांतील रस्त्यांवर रात्री उसाने भरलेल्या ट्रॉल्या धावत किंवा पंक्चर होऊन उभ्या असतात आणि त्यांपैकी अनेकींना मागे लाल परावर्तकही नसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते. मद्यामुळे ब्रेकवर पाय जायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तरी ती आठ मीटरहून अधिक पुढे जाते, आणि अंधारातील ट्रॉलीशी गाठ पडते ती बहुतेकदा त्याच आठ मीटरांत. घरचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलालाही हेच लागू आहे, कारण रस्त्यावर आलेला ट्रॅक्टर कायद्याने मोटार वाहनच असतो.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. जावळी तालुक्यातील महिलांनी ‘आडव्या बाटली’ला मत देऊन गावातील दारूची दुकाने बंद पाडण्याचा जो लढा दिला, त्याचे मोल मोठे आहे; गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी तसा कौल दिल्यास दुकान बंद करावे लागते, हा नियम त्यांच्या हातातील शस्त्र ठरला. तथापि गावातील दुकान बंद झाल्यावर पिणारा शेजारच्या गावात जातो आणि परत येताना रस्त्यावर असतो, ही शक्यता दारूबंदीच्या चळवळीने आपल्या हिशेबात धरलेली बरी.

मुलगा बाहेर पडण्यापूर्वी तो परत कसा येणार हे ठरलेले असणे, हा सर्व उपायांचा पाया आहे. शहरात ज्याला भाड्याची मोटार मागवणे शक्य असते, त्याच्या वयाच्या वाडीवरच्या मुलाला रात्री अकरानंतर मुक्कामी एसटीही मिळत नाही, कारण ती तोवर गावात येऊन थांबलेली असते. म्हणून ‘पिऊन गाडी चालवू नये’ हे वाक्य त्याच्यासाठी अर्धेच राहते आणि उरलेले अर्धे घरानेच पुरवायला हवे. लग्न, जत्रा, बैलगाडा शर्यत, गणपतीची मिरवणूक किंवा ३१ डिसेंबरची रात्र असेल, तर जाण्याच्या वेळीच मुक्काम तेथेच करायचा की कोणी घ्यायला येणार, हे नावानिशी ठरवावे. मुक्काम करायचा असेल तर यजमान घरातील मोठ्या माणसाशी पालकांनी आधी बोलून घ्यावे आणि गाडी शक्यतो नेऊच देऊ नये; जाताना सोडायला कोणी असेल तर येतानाची अडचण निम्मी सुटते. चारपाच मित्र मिळून जात असतील, तर त्यांच्यात रात्रभर मद्याला हात न लावणारा आणि लायसन्स असलेला एकजण आधीच ठरावा, आणि ‘सगळ्यांत कमी प्यालेला’ हा निकष कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये, कारण कमी प्यालेला म्हणजे प्यालेलाच. अठराखालील गटात असा लायसन्सधारक असू शकत नाही, म्हणून त्यांच्यासाठी चुलतभाऊ, मामा किंवा गावातील भाड्याच्या जीपचा विश्वासू चालक अशा वडीलधाऱ्या माणसाचाच विचार करावा लागतो.

याहून महत्त्वाचा आहे तो घरातील करार. मुलाने किंवा मुलीने कितीही वाजता फोन केला, तरी त्या रात्री एकही प्रश्न न विचारता कोणीतरी घ्यायला जाईल, आणि जो काही जाब असेल तो दुसऱ्या दिवशी दुपारनंतर विचारला जाईल, असे पालकांनी स्पष्ट शब्दांत आधीच सांगून ठेवावे. अनेक घरांत मूल फोन करत नाही ते रस्त्याच्या भीतीपेक्षा बापाच्या आवाजाची भीती मोठी वाटते म्हणून. ती भीती एका रात्रीपुरती बाजूला ठेवली तर मूल पोटात मद्य असूनही घरी सुखरूप पोहोचते. या करारामुळे पिण्याला मोकळीक मिळते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य कमी आहे, कारण दुसऱ्या दिवशीचा जाब टळत नाही, केवळ त्याची वेळ बदलते. फोन वडिलांना करवत नसेल तर काका, मोठी बहीण किंवा शिक्षक यांपैकी एक नाव दोन्ही बाजूंनी मान्य करून ठेवावे.

पाठीमागे बसणाऱ्याकडे बहुधा दुर्लक्ष होते, वास्तविक नशेतील चालकाला थांबवण्याची सर्वांत चांगली संधी त्यालाच असते. प्यालेल्या मित्राशी वाद घालण्यापेक्षा गाडीची किल्ली ‘फोटो काढायला’, ‘डिकीतले काही काढायला’ अशा कारणाने मागून घेऊन ती ढाब्याच्या गल्ल्यावर किंवा यजमानाच्या आईकडे देणे अधिक उपयोगी पडते. ‘तू प्यायलास’ या वाक्याने हेका वाढतो, तर ‘मला मळमळतंय, थोडं थांबू’ या वाक्याने तास निघून जातो आणि तोवर घरचे माणूस येऊन पोहोचते. तेही जमले नाही तर निदान आपण त्या गाडीवर बसू नये. ट्रिपल सीटचा दंड आणि लायसन्सचे निलंबन ही जिवाच्या धोक्यापुढे किरकोळ बाब आहे. नशेत गाडी चालवण्यास दुसऱ्याला प्रवृत्त करणाऱ्यास कलम १८८ मुख्य गुन्ह्याइतकीच शिक्षा सांगते, हेही ‘अरे काही होत नाही, चल’ म्हणणाऱ्या मित्राला ठाऊक असावे.

मद्याचा वास येतो, फुंकायला लावून ते तपासता येते. इतर नशांचे तसे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी सांगलीजवळील कुपवाड येथून आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई पोलिसांनी कवठे महांकाळ तालुक्यातील इरळी येथून मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला, तर जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळील कार्वे औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखाना उघडकीस आला. मेफेड्रोन, ज्याला तरुण ‘एमडी’ म्हणतात, हा मेंदूला कृत्रिम उत्तेजना देणारा पदार्थ आहे. त्याच्या प्रभावाखाली चालकाला थकवा जाणवत नाही, वेगाचे भय राहत नाही आणि प्रभाव ओसरताच अचानक ग्लानी येते. अमली पदार्थांबाबत कलम १८५ मध्ये मिलिग्रॅमची कोणतीही मर्यादा नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास चालक असमर्थ असणे एवढेच पुरेसे आहे. गांजाने अंतर आणि वेळ यांचा अंदाज बिघडतो, आणि तो मद्यासोबत घेतल्यास दोहोंचा परिणाम एकमेकांना वाढवतो. सर्दीच्या साध्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन, ॲलर्जीवरील सेटिरिझिन आणि कोडीनयुक्त खोकल्याची औषधेही गुंगी आणतात, म्हणून औषध घेताना दुकानदाराला ‘गाडी चालवायची आहे’ असे सांगण्याची सवय लावावी. झोपेचा मुद्दा तर अधिकच उपेक्षित आहे. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले; भारतीय मर्यादा ३० असल्याने, जागरण करून पहाटे मांढरदेवीहून परतणारा निर्व्यसनी तरुणही मर्यादा ओलांडलेल्या चालकाच्याच अवस्थेत असतो.

पालकांच्या उत्तरदायित्वाचा सर्वांत ठळक दाखला राज्याने १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगरात पाहिला. मित्रांसोबत पबमध्ये मद्य घेऊन निघाल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेली ३०० शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली, आणि पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून रुग्णालयातील डॉक्टरांना तसेच मुलाच्या पालकांना अटक झाली. चर्चा निबंधाभोवती फिरत राहिली, पण या प्रकरणातून सामान्य घराने घ्यायचा बोध मोटारीची किल्ली आणि पबचे दार या दोन ठिकाणी आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ असे सांगते की, अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास त्याचे पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जाईल आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होईल. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी योग्य ती सर्व काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकांवरच असतो. त्याशिवाय वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. अठराखालील मुलाला मद्य देणाऱ्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ७७ सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगते, त्यामुळे जत्रेच्या जेवणात पुतण्याच्या ग्लासात ‘थोडी’ ओतणाऱ्या काकांनाही हे कलम लागू पडू शकते. विम्याची बाजू याहून कठोर आहे. चालक विनापरवाना किंवा नशेत असेल तर अपघातग्रस्ताला द्यावी लागलेली भरपाई विमा कंपनी वाहनमालकाकडून वसूल करण्याचा मार्ग धरू शकते, आणि अशी रक्कम लाखांत गेली की शेतकरी कुटुंबापुढे जमिनीचाच प्रश्न उभा राहतो.

नाक्यावर पोलिसांनी अडवल्यास गाडी वळवून पळण्याचा प्रयत्न हा सर्वांत घातक पर्याय आहे, कारण पाठलागाच्या भीतीने वाढलेला वेग आणि नशा मिळून नाक्याच्या पुढच्याच वळणावर अपघात घडवतात. ब्रेथ ॲनालायझर हे श्वासावरून रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण मोजणारे यंत्र आहे. त्यात फुंकण्यास नकार दिल्याने सुटका होत नाही, कारण पोलीस अधिकारी चालकास अटक करून वैद्यकीय तपासणीसाठी नेऊ शकतो, मात्र ती तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत व्हावी लागते. अल्पवयीनाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते, आणि पालकांनी अशा वेळी ओळखीपाळखीचे फोन लावण्याऐवजी वकिलासह स्वतः हजर राहावे. अपघात घडलाच तर जखमीला तेथेच सोडून जाऊ नये. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक मोफत लागतात, आणि जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे मोटार वाहन अधिनियमातील कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्यच आहे. मदतीस धावलेल्या त्रयस्थाला कलम १३४अ संरक्षण देते, त्यामुळे ‘पोलिसांची भानगड नको’ म्हणून कोणी न थांबता पुढे निघून जाण्याचे कारण उरलेले नाही.

काही मुलांच्या बाबतीत प्रश्न एखाद्या रात्रीचा नसून सवयीचा असतो. पैशांचा हिशेब न लागणे, सकाळी उठता न येणे, गाडीवर वारंवार नवे ओरखडे दिसणे आणि मित्रमंडळ अचानक बदलणे ही चिन्हे एकत्र दिसू लागली, तर घरात आरडाओरडा करण्याआधी जाणकारांचा सल्ला घ्यावा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात उभी केलेली ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्ती संस्था आणि बंडातात्या कराडकर यांचा व्यसनमुक्त युवक संघ ही या परिसराची जुनी ओळख आहे. मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना भेटता येते, आणि १४४४६ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर नाव न सांगताही विचारणा करता येते. पहिल्या भेटीला मुलाला फसवून नेऊ नये, काय बोलायचे आहे ते घरीच सांगून न्यावे. उपचार चालू असेपर्यंत त्याच्या नावावरील गाडी कोणाच्या ताब्यात राहील आणि महाविद्यालयात तो कशाने जाईल, हेही समुपदेशकासमोर मुलाच्या संमतीने ठरवून घ्यावे.